कोनाड्यातली कोमल

"मधलं माणूस काढून टाका, निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतील!"

सत्यमने भर पडवीत उभं राहून हे जाहीर केलं, तेव्हा ऐकायला फक्त त्याची बायको होती. कोमल बाळंतपणासाठी माहेरी, मळवलीला निघाली होती आणि पिशवीत साड्या भरत होती. या घरातलं मधलं माणूस म्हणजे तीच, हे सत्यमच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं. नेहमीसारखंच, उशिरा!

"काढा ना," कोमल म्हणाली. "मी कुठं चिकटून बसलेय? दसऱ्यापासून निरोप वाहून वाहून माझी जीभ झिजली. पण एक सांगून ठेवते. आबा आणि आई एकमेकांशी बोलायला लागल्याशिवाय मी बाळाला घेऊन या घरात यायची नाही. लेकरू बोलायला शिकेल आणि पहिलं काय म्हणेल माहितीये? 'सांग त्यांना'!"

ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत.

त्याचं असं झालं होतं. सत्यमचे वडील दत्तोबा, म्हणजे आबा, यांनी दसऱ्याच्या आधी घरची म्हैस आपल्या कामशेतच्या बहिणीला देऊन टाकली. रुपी तिचं नाव. द्यायची तर द्यायची, त्याचं काही नाही. पण सत्यमच्या आईला, बयाबाईंना, त्यांनी विचारलं नाही! आई बाजारातून आली तर गोठ्यात दावं लोंबकळतंय आणि रुपीचा पत्ता नाही. आई रडली. आबांनी काहीच सांगितलं नाही, नुसते खाकरले. त्या दिवसापासून अबोला! तेव्हापासून दोघं एकाच पडवीत, हाताच्या अंतरावर बसायची आणि निरोप कोमलमार्फत द्यायची. "कोमल, तुझ्या सासूला सांग, मी मळ्यात चाललो." "कोमल, त्यास्नी सांग, जाऊ द्या, मी काय हात धरलाय?"

आता कोमलच गेल्यावर हे टपाल कुणी चालवायचं? सत्यमकडे उत्तर तयार होतं. दोन फोननी मधे कुणालाही न घेता एकमेकांशी थेट बोलावं, यासाठी बोलण्याची रीत लिहायची, हीच तर त्याची नोकरी! हिंजवडीच्या एका कंपनीत तो त्याचाच पगार घेत होता आणि निम्मा आठवडा गावच्या घरातून, तिकोणा पेठेतूनच काम करत होता. गडाच्या पायथ्याला मोबाईलची रेंज ही पाहुणी. आली तर आली. घरात इंटरनेटची वायर होती, पण मळ्यात काहीच नाही. मग फोननंच फोनला निरोप द्यावा! आबांच्या फोनवरून वाटेवरच्या फोनवर, तिथून पुढच्या, तिथून घरी. गडाच्या वाटेवर चहाची टपरी चालवणारा पप्पू आणि शेजारच्या कस्तुराबाई, दोघांच्या फोनवर सत्यमने आपलं अॅप घालूनही दिलं. कस्तुराबाईंनी "पैसं पडत न्हाईत ना?" एवढंच विचारलं.

अॅपचे नियम त्याने स्वतः लिहिले होते आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. आधी पहिला फोन विचारणार, "आहेस का?" दुसरा म्हणणार, "आहे." मग निरोप जाणार. आबांना आणि आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून निरोप आवाजातच, आणि आला की आपोआप मोठ्याने वाजणार. ऐकणाऱ्याने 'पोचला' हे हिरवं बटण दाबायचं, की पाठवणाऱ्याकडे तशी खूण उमटणार. बटण दाबलं नाही, तर निरोप पोचलाच नाही असं समजून फोन तो पुन्हा वाजवणार. पुन्हा, पुन्हा, पोचेपर्यंत! वाटेतल्या कुणाला निरोप उघडता येऊ नये म्हणून वर कुलूपही घातलं होतं.

कोमलला मळवलीला सोडून आल्यावर त्याने दोघांना पडवीत बसवलं, हातात फोन दिले आणि सगळं समजावून सांगितलं. आबांनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजी आधी 'हायस का' कुनी म्हनायचं?"

"कुणीही म्हणा, आबा."

"मग ती म्हनंल."

"माझं काय अडलंय?" आई म्हणाली, अर्थात सत्यमकडे बघून.

दोन्ही फोन वाट बघत बसले. सत्यमही बसला. समोर पाटावरचा चहा निवला. पहिलं कोण बोलणार हाच तर दसऱ्यापासूनचा प्रश्न, आणि याचा पहिलाच नियम म्हणजे कुणीतरी पहिलं बोला!

"बरं, तुम्ही कुणीच नका विचारू," सत्यम घाईने म्हणाला. "फोन परस्पर विचारतील."

आबांनी फोन लांब धरून त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "ह्यो माझा फोन, मला न इचारता, तिला 'हायस का' म्हननार?"

"हो!"

"मग मीच म्हनल्यासारखं झालं की!" आणि त्यांनी फोन बंद करून बंडीच्या खिशात घातला. आईने आपला फोन कपाटात लुगड्यांच्या खाली सारला. तो पुन्हा वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सत्यमने माघार घेतली. माघार म्हणायचं नाही, त्याला सुधारित आवृत्ती म्हणतात! काच तडकलेला एक जुना फोन घरात पडून होता. तो त्याने स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीशेजारी उभा केला. आता आबांचा फोन आईशी नाही, या फोनशी बोलणार. आईही बोलायची ती याच्याशीच. आणि "आहेस का?" हेही हाच विचारणार, म्हणजे कुणाची मान खाली जायला नको. नाव काय द्यायचं म्हणून त्याने सहज 'कोमल' असं टाकलं.

हे मात्र दोघांना एकदम पटलं. आईने नवीन वस्तू म्हणून फोनला हळदकुंकू लावलं. ते नेमकं कॅमेऱ्यावर बसलं, पण सत्यम काही बोलला नाही. आबा तर मळ्यात जाताना फोन तोंडाशी धरून म्हणाले, "कोमल, जेवलीस का गं?" घरी कोनाड्यातून आवाज आला, "कोमल, जेवलीस का गं?" आईने पदर डोळ्याला लावला. "लय जीव हाय पोरीवर," ती भिंतीला म्हणाली.

मधलं माणूस काढायला निघालेल्या सत्यमने ते पुन्हा बसवलं होतं. फक्त हे मधलं माणूस प्रामाणिक होतं. घोटाळा तिथंच झाला!

दुपारी आबांचा निरोप वाजला. "कोमल, सासूला सांग, आज कालवनात पानी व्हतं का पान्यात कालवन?"

आईने कोनाड्याकडे मान वळवली. "त्यास्नी सांग, दात न्हाईत त्या तोंडाला पातळच बरं!"

"सांग तिला, दात हिच्याच भाकरी खाऊन पडलं!"

संध्याकाळपर्यंत दोन्ही घराण्यांच्या चार पिढ्या निघाल्या. रात्रीची भाकरी आबांच्या पुढ्यात अशी पडली की ताट फिरलं. सत्यमने घाबरून कोमलला फोन लावला.

"अगं, हे दोघं तू असताना असे भांडत नव्हते!"

"भांडायचे की. मी पोचवायची नाही, एवढंच."

"म्हणजे?"

"अहो, आबा 'कालवणात पाणी' म्हणाले, की मी आईंना सांगायची, 'आबांना चव आवडली, उद्या थोडं दाट करा म्हणाले.' आई म्हणाल्या, 'दात नाहीत', की मी आबांना सांगायची, 'आई विचारतायत, दात दुखतायत का?'"

सत्यम थक्क झाला. मधल्याने निरोप बदलायचा? त्याच्या धंद्यात याला दरोडा म्हणतात! याच दरोडेखोराला आवरायला त्याने कुलूप घातलं होतं, आणि त्याच्या घरात तीच चार महिने संसार सांभाळत होती. दोघांचाही!

"आणि काही वेळा तर मी काहीच सांगायची नाही," कोमल म्हणाली. "आबा कधीकधी उगाच बोलतात माझ्याशी. ते पोटात ठेवायचं असतं. तुमच्या फोनला पोट आहे का?"

"पुढच्या आवृत्तीत बघतो," सत्यम म्हणाला. मग ती हळूच म्हणाली, "मी यायची ना हो परत?" बोलण्याच्या रीती लिहिणारा माणूस, पण बायकोला नुसतं "हो" म्हणायचं सोडून तो "उद्या फोन करतो" म्हणाला.

सकाळी पुढचं प्रकरण सुरू झालं. आबा मळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायला गेले होते. कोनाडा बोलला, "कोमल, चा कुटंय म्हनावं?"

आईने चहा टाकला. गुडघ्यांमुळे तिला मळ्यापर्यंत चालवत नाही, म्हणून थर्मास सत्यमच्या हातात दिला. सत्यमची ऑफिसची मीटिंग चालू होती. तो कानात इयरफोनची बोंडं तशीच ठेवून मळ्यात जाऊन चहा देऊन आला; मळ्यात रेंज नाही, तेवढा वेळ मीटिंग मुकी.

तो येतो न येतो तोच कोनाडा पुन्हा बोलला, "कोमल, चा कुटंय म्हनावं?"

"आत्ताच प्याले की!" आई पुटपुटली. पण माणूस मळ्यात राबतंय, मागतंय तर नाही कसं म्हणायचं? पुन्हा चहा, पुन्हा थर्मास, पुन्हा सत्यम. तो अंगणातून निघतो तोच मीटिंगमध्ये त्याचा साहेब विचारत होता, "सत्यम, तुझ्याकडे मागे बैल का ओरडतोय?"

"चा कुटंय म्हनावं?"

आता आईने पातेलंच बदललं. मोठं घेतलं! "येकदाच पोटभर पाजते," ती म्हणाली आणि त्यात आलं किसून घातलं. आल्याचा चहा आबांच्या विशेष आवडीचा. रुपी गेल्यापासून घरात आलं किसलं गेलं नव्हतं.

या खेपेला आबांनी सत्यमला बांधावर थांबवून घेतलं. "पोरा, आज काय इशेष हाय रं? मी येकदाच मागितला. ही सारखी चा धाडतीय. त्यात आलं बी घातलंय." आबांनी पेल्यात पुन्हा एकदा पाहिलं, आलं खरंच आहे ना याची खात्री करावी तसं. "काय हाय तिच्या मनात?"

सत्यमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकदाच मागितला! म्हणजे फोनच पुन्हा पुन्हा वाजवतोय! आईने बटण दाबलेलंच नाही! आबांना काही न सांगता तो घराकडे पळत सुटला.

"आई, ते हिरवं बटण का दाबत नाहीस?"

"दाबलं की काय हुतं?"

"आबांना कळतं, तू ऐकलंस."

"म्हनूनच न्हाई दाबत!" आई तवा आपटत म्हणाली. "मी ऐकलं का न्हाई, ते त्यास्नी कशापायी कळाया पायजे?"

सत्यम पाटावर बसला. अबोल्याचा सगळा जोर त्यातच असतो! आपण ऐकलं की नाही, याचा समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. त्याने मात्र सगळा डोलारा उभा केला होता पोच देण्याच्या पायावर. आबांचं त्याला बरं वाटत होतं, ते बटणं दाबायचे. पण ते दिसेल ते बटण दाबायचे, त्यात श्रद्धेचा भाग काही नव्हता.

मीटिंग अजून चालूच होती. साहेबाचं ऐकता ऐकता त्याने मांडीवर लॅपटॉप घेतला आणि घाईघाईने नवा नियम लिहिला. एका फोनकडून पोच येत नसेल तर त्याच्याच मागे लागू नये, शेजारच्या फोनांची मदत घ्यावी. कुणीतरी जबाबदार माणूस बटण दाबेलच! नियम वाईट नव्हता. फक्त निरोप कुणाच्या नावाचा आहे हे शेजारच्या फोनांना सांगायचं तो घाईत विसरला, आणि त्यांना तो उघडता यावा म्हणून कुलूपही काढून ठेवलं. नवा नियम सगळ्या फोनांवर गेला. चहाचा निरोप त्याने स्वतःच्या हाताने बटण दाबून बंद केला आणि निवांत श्वास घेतला.

तिकडे बांधावर आंब्याखाली आबा आल्याचा चहा घोट घोट पीत बसले होते. चार महिन्यांनी असा चहा मिळाला होता, तोही न मागता. म्हातारा आतून ऊन झाला. त्यांनी फोन काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि कोमलशी बोलावं तसं हळू आवाजात बोलू लागले.

घरात कोनाडा बोलायला लागला.

"कोमल, ह्ये तुझ्या सासूला सांगू नगंस पोरी. रुपी मी दिली ती हिच्या गुडघ्यापायी दिली. पहाटं धार काढाया बसायची आन् उठताना भिताड धरून उठायची. तोंडानं हूं का चूं न्हाई. मला बघवंना. इचारलं असतं तर न्हाई म्हनली असती, मला ठावं हाय तिचा सोभाव. म्हनून न इचारता दिली. मला काय रुपी नगं व्हती व्हय? सोडून आलो तवा कामशेतच्या फाटकापाशी रडलो मी. आता ही बोलत न्हाई. बसतो शेजारी, पर घर लय मुकं लागतंय. आलं लय झ्याक घातलंय म्हनावं. न्हाई, ऱ्हाऊं दे. त्येबी नगं सांगूस."

आई लाटणं हातात धरून उभी होती. चपाती तव्यावर करपली, सत्यमला वास आला, पण त्याने गॅस बंद केला नाही. त्याला हलवेनाच. हा निरोप कोमलने पोटात ठेवला असता आणि आईला तो जन्मात कळला नसता. कोनाड्यातल्या कोमलने तो अक्षरन् अक्षर, 'सांगू नगंस'सकट, पोचवला होता!

"आई..."

"गप," आई म्हणाली.

निरोप संपला. आईने बटण दाबलं नाही. निरोप पुन्हा सुरू झाला, "कोमल, ह्ये तुझ्या सासूला सांगू नगंस पोरी." आणि मग सत्यमचा नवा नियम जागा झाला.

मागच्या दारातून कस्तुराबाई फोन निखाऱ्यासारखा चिमटीत धरून धावत आल्या. "बयाबाई! अगं तुजा म्हातारा माज्या फोनात बोलतोय! तुजं गुडघं लय दुखत्यात का गं?" त्यांच्याही फोनात आबा कामशेतच्या फाटकापाशी रडत होते. तेवढ्यात पप्पूची मोटरसायकल अंगणात येऊन थांबली. "सत्यमभाऊ, आवं आबा माझ्या टपरीवर वाजत्यात! पुण्याची पोरं आलीत गडावर, ती चा सोडून रडाया लागलीत. येक पोरगी तर आईला फोन लावाया रेंज हुडकतीय!"

आणि पप्पूच्या मागून, घामाघूम, धोतराचा सोगा हातात धरून, स्वतः आबा. वाटेवर त्यांना स्वतःचाच आवाज आडवा आला होता!

"बंद कर! आदी बंद कर त्यो फोन!" ते दारातूनच ओरडले. "सत्या, गावात तोंड दाखवाया जागा ठिवली न्हाईस! मी कोमलला सांगितलं हुतं ते, कोमलला!"

सत्यम कोनाड्याकडे झेपावला. हिरवं बटण दाबायचं, बस्स, इथल्या इथे शांत होईल. बोट काचेवर टेकणार एवढ्यात आईने त्याचं मनगट पकडलं. आयुष्यभर धार काढलेला हात तो, सत्यमला बोटं हलवता येईनात.

"दाबलं की काय हुतं?"

"थांबतं, आई."

"मग हात लावू नगंस."

आणि मग ती वळली. सत्यमकडे नाही, कोनाड्याकडे नाही, भिंतीकडे नाही. सरळ आबांकडे.

"गुडघं दुखत व्हतं तर त्याल चोळायचं. म्हस द्यायची व्हय?"

कस्तुराबाईंनी तोंडावर पदर धरला. आबांनी सवयीने शेजारी पाहिलं, निरोप कुणाजवळ द्यावा म्हणून. शेजारी पप्पू होता. पप्पू बाजूला सरकला.

"चोळून दिलं असतंस?" आबा म्हणाले.

"न्हाई."

"मग?"

"मग काय मग! सांगायचं तरी. मला वाटलं, माझ्या हातची म्हस तुमाला जड झाली. मीबी जड झाले."

"येडी का काय!" आबा म्हणाले आणि उंबऱ्यावरच बसले. आई माठाकडे गेली. थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो जमिनीवर न ठेवता त्यांच्या हातात दिला. सत्यमला उगाचच खूप काम आठवलं. तो अंगणात गेला आणि नाक शिंकरून आला.

पाणी पिऊन होताच दोघं भांडायला लागली. पहिलं कोण बोललं? आबांचं म्हणणं, ती बोलली, साक्षीला पप्पू आहे. आईचं म्हणणं, सकाळपासून फोनात कोण बोंबलतंय? सत्यमने घाईने कोमलला फोन लावला आणि तोंडाने काही न सांगता तो त्या दोघांच्या दिशेने धरला.

"हे कोण बोलतंय?" कोमलने विचारलं.

"आबा आणि आई."

"कुणामार्फत?"

"कुणामार्फतच नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "पाळणा माळ्यावर आहे," कोमल म्हणाली. "काढून धुऊन ठेवा. सुतळी जुनी झालीये, नवी बांधा." मग म्हणाली, "अॅप चाललं म्हणायचं तुमचं!"

सत्यमने खरं ते सांगितलं. एकही नियम ठरल्याप्रमाणे चालला नव्हता.

एवढं झाल्यावर निदान गावात वाजणारे आबा तरी थांबवावेत म्हणून तो बाहेर पडला. पप्पूने टपरीवरचा फोन द्यायला साफ नकार दिला. निरोप ऐकून लोक दुसरा चहा घेत होते, आणि तोही आल्याचा! सत्यम मग कस्तुराबाईंच्या दारात गेला. आतून आबांचा आवाज येतच होता.

"काकू, फोन द्या जरा. हिरवं बटण दाबलं की थांबेल."

कस्तुराबाईंनी फोन पदराखाली घेतला, आतल्या अंगाला डोळ्याने खूण केली आणि आवाज एकदम खाली आणला.

"सांजच्याला ये. आमचं मालक जेवाया बसलेत. त्यास्नी जरा नीट ऐकू दे."